अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन

टिल्लू सहा फूट एक इंच उंच होता, बावन्न वर्षांचा होता, आणि कुठल्याही दारातून जाताना कपाळमोक्ष होऊ नये म्हणून सवयीनं मान खाली घालायचा. तरी तो टिल्लूच. हे नाव ताईनं ठेवलं होतं, तो रांगत होता तेव्हा; आणि ताईनं एकदा ठेवलेली गोष्ट जागची हलवायची कुणाची टाप नव्हती, मग ती कात्री असो की नाव.

तर या टिल्लूपुढे त्या आठवड्यात एकच प्रश्न होता : कूलर हवेचा घ्यावा की पाण्याचा?

खोली गार करायचा कूलर नव्हे. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसवायचा. टिल्लूचा धंदा न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढण्याचा. बिल्डरनं नुसता खड्डा खणलेला असायचा. टिल्लू त्या खड्ड्यावर बारा मजले चढवायचा, खिडक्यांत ऊन सोडायचा, बाल्कनीत कुंड्या ठेवायचा आणि एका कुंडीतलं एक फूल जरासं सुकवायचा, म्हणजे लोकांना खरं वाटतं. ऊन कुठून येतं आणि कुठे आपटतं याचं गणित कॉम्प्युटर करायचा, आणि एकेका चित्राला नऊ-नऊ तास घ्यायचा; म्हणून तो रात्रंदिवस चालूच असायचा. टिल्लूला तेवढा धीर कुठला? त्यानं प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे कारखान्यानं जेवढं पळ म्हणून सांगितलं त्याहून जोरात पळायला लावला होता. जोरात पळणाऱ्याला घाम फुटतो. प्रोसेसरला ती सोय नाही. तो पंच्याण्णव अंशांवर जायचा, मग जिवाच्या भीतीनं पळणं सोडून आपला आपणच चालायला लागायचा, आणि टिल्लूचा सगळा खटाटोप वाया जायचा. वर त्याचा पंखा असा ठणाणा करायचा की भिंतीपलीकडून ताई विचारायची, "टिल्लू, विमान कितीचं आहे?"

ताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून टिल्लूची आई तीच, बाप तीच. चाळीस वर्षं तिनं इस्पितळात परिचारिकेचं काम केलं. पहाटे पाचला ती कामावर जायला उठायची, आणि लहानगा टिल्लू झोपेतच सरकून तिच्या जागेवर जायचा, कारण ती जागा ऊबदार असायची. ती सवय त्याची पुरती गेली नव्हती. अजूनही ताई खुर्चीवरून उठली की हा सहा फुटी माणूस काहीतरी निमित्त काढून तिथे टेकायचा. "तुझी खुर्ची म्हणजे इस्त्री केलेली असते गं," म्हणायचा.

निवृत्त झाली तरी ताईचा एक नेम सुटला नव्हता. रोज सकाळी सातला ती काचेचा, पाऱ्याचा थर्मामीटर तीन वेळा झटकायची, जिभेखाली धरायची, घड्याळ लावून तीन मिनिटं गप्प बसायची आणि आकडा वहीत लिहायची. ९८.२. बहुतेक रोज ९८.२.

"कशाला गं रोज?" टिल्लू विचारायचा.

"वॉर्डातला एक पेशंट शिल्लक आहे. मी."

आणि आकड्याच्या बाबतीत ताई म्हणजे लोखंड. तरुणपणी एका मोठ्या डॉक्टरनं स्वतःची चूक झाकायला तापाच्या तक्त्यावरचा एक आकडा बदलायला सांगितला होता. ताईनं नाही म्हटलं. तिला सहा महिने तळघरातल्या कोठारात चादरी मोजायला बसवलं. ती बसली, चादरी मोजल्या, आकडा बदलला नाही. "आहे तो आहे," एवढंच ती म्हणायची, त्या डॉक्टरबद्दल, आकड्याबद्दल, आणि एकूण सगळ्याचबद्दल.

टिल्लूच्या पडद्यावरही कोपऱ्यात आकड्यांची एक यादी असायची. पेटीतला कुठला भाग किती तापलाय ते सांगणारी. प्रोसेसर, चित्रांचं कार्ड, डिस्क, मदरबोर्ड. प्रत्येकाचा एक सेन्सर, प्रत्येकाची एक ओळ. या नादातली माणसं त्या ओळींना नावं ठेवतात. टिल्लूनं प्रोसेसरचं नाव ठेवलं होतं 'भट्टी', डिस्कचं 'म्हातारी'. पाचवी ओळ मात्र कशालाच जोडलेली नव्हती. असे अनाथ सेन्सर पुष्कळ कॉम्प्युटरमध्ये असतात. ते काहीच्या बाही आकडे दाखवतात आणि कुणी त्यांच्याकडे बघत नाही. टिल्लूचा हा सेन्सर शहाणा होता. शेजारी भट्टी पंच्याण्णववर धडधडत असली तरी हा आपला ३६.८. ढिम्म. म्हणून वर्षभरापूर्वी टिल्लूनं हसत हसत त्या ओळीचं नाव टाकलं : 'ताई'.

कूलरच्या सल्ल्यासाठी तो मास्तरांकडे गेला. मास्तर पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता कॉम्प्युटरच्या भागांचं दुकान चालवायचे. शाळा सुटली होती, शिकवणं सुटलं नव्हतं. दुकानात पाय टाकला की आधी धडा, मग माल.

"बसा. कूलर काय करतो?"

"थंड करतो."

"चूक. जगातला कुठलाच कूलर थंड करत नाही. तो इथली उष्णता उचलतो आणि तिथे नेऊन टाकतो. हमाल आहे हमाल." मास्तरांनी काउंटरवर दोन खोकी ठेवली. "हा हवेचा मनोरा. धातूच्या पातळ पत्र्यांची चळत आणि दोन पंखे. यात बिघडायला आहेच काय? आपण जाऊ, हा राहील. आणि हा पाण्याचा. पंप पाणी फिरवतो, पाणी उष्णता वाहून नेतं, ही तीन पंख्यांची जाळी ती बाहेर फेकते. मनोऱ्याहून दहा-बारा अंशांनी सरस. पण पंप तो पंप. तो थांबला की राम म्हणा."

"जास्तीत जास्त किती थंड होईल, मास्तर?"

"खोलीइतकं. खोली चोवीस, तर चोवीस. त्याच्या खाली यातला कुठलाच हमाल उतरणार नाही. खोली म्हणजे शेवटची पायरी."

टिल्लूनं मान डोलावली, घरच्या जुन्या कूलरसारख्याच त्या मनोऱ्याकडे एकदा बघितलं, आणि पाण्याचा उचलला. दहा-बारा अंशांचा मोह कुणाला सुटतो?

बसवायला तीन तास लागले. पेटी टेबलावर उघडी, स्क्रू बशीत, टिल्लूचं डोकं पेटीत. पलीकडच्या खोलीत ताई शब्दकोडं घेऊन बसली होती. दुपारी वीस मिनिटांच्या वर झोपणं हे ताईच्या मते आजाराचं लक्षण; पण त्या दिवशी तिला खुर्चीतच जी झोप लागली ती लागलीच. मध्ये टिल्लूनं स्पिरिट आणि कापूस कुठे आहे म्हणून दोनदा हाक मारली. उत्तर नाही. शेवटी त्यानंच शोधून घेतलं, जुन्या मनोऱ्याखालचा, उष्णता वर पोचवणारा वाळका लेप पुसला, नवा लावला, पंप बसवला, जुना मनोरा खोक्यात भरून कपाटावर टाकला आणि बटण दाबलं. पंखे फिरले. भिंतीपलीकडून ताईचा आवाज आला, "स्पिरिट ना? कपाटात, दुसऱ्या कप्प्यात."

"तीन तासांनी सांगतेस?" टिल्लू हसला. "काय घोरत होतीस!"

"मी? मी डोळासुद्धा मिटला नाही," ताई म्हणाली.

नवा कूलर म्हणजे चैन होती. भट्टी सत्तरच्या वर जाईना. टिल्लूनं वेग आणखी वाढवला, पंखे आणखी जोरात लावले, भट्टी तरी सत्तरच. नऊ तासांचं चित्र पाच तासांत. तो इतका खूश होता की पाचव्या ओळीकडे त्याचं लक्ष गेलं नाही. आणि गेलं तेव्हा त्यानं मनात म्हटलं, चला, ही पण जरा हलली. ३६.४.

ताईनं कपाटातून स्वेटर काढून अंगात घातला तेव्हा बाहेर चांगला उन्हाळा होता.

"पाय गार पडतात रे हल्ली."

"वय झालं."

"तुझं झालं असेल."

वहीत आकडे उतरत होते. ९७.५. ९७.०. ९६.४. ताईनं थर्मामीटरवर संशय घेतला. नवीन आणला. तोही तेच म्हणाला. मग तिनं दोन्ही एकदम तोंडात धरून बघितले, आणि टिल्लू तिचा तो अवतार बघून पोट धरून हसला. तीही हसली, पण थर्मामीटर पडू नयेत म्हणून ओठ मिटून.

एकाच घरात, एका विटेच्या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे, दोन माणसं रोज तापमान बघत होती. एक फॅरनहाइटमध्ये लिहीत होती, दुसरा सेल्सिअसमध्ये बघत होता. दोघंही आपापल्या आकड्यांत तरबेज. एकानंही दुसऱ्याचा आकडा आपल्या मापात कधी मोजून पाहिला नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी ताईच्या वहीत ९५.० आलं आणि तिला पेन नीट धरता येईना. टिल्लूनं तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, ताईच्या हाताखाली कधीकाळी शिकलेल्या, म्हणून जरा भिऊनच होत्या. त्यांनी ताईच्या कानात ते नवं छोटं यंत्र धरलं. यंत्र टिणटिणलं.

"पस्तीस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बरोबर पस्तीस. सिस्टर, हे जरा कमीच आहे हं."

टिल्लू भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता वाचत होता. त्याचं वाचन थांबलं. सकाळी निघताना त्यानं पडद्याकडे एक नजर टाकली होती. भट्टी ६८. म्हातारी ४१. ताई ३५.०.

रक्त तपासलं, छाती तपासली. कशात काही नाही. "ऊब द्या, गरम पाण्याची पिशवी द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि टिल्लूला दारापाशी गाठून हळूच पुटपुटल्या, "मला काही कळत नाहीये."

घरी आल्यावर त्यानं ताईला पांघरुणात गुंडाळलं, तिची वही मागून घेतली आणि कॉम्प्युटरसमोर बसला. ती यादी रोजचे आकडे साठवून ठेवायची. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन एक खूण बदलली : सेल्सिअसऐवजी फॅरनहाइट. मग ताईच्या वहीवर बोट ठेवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

सकाळी सात, ९८.२. सकाळी सात, ९८.२.

९७.५. ९७.५.

गेल्या थंडीत ताईला ताप आला होता. वहीत १०१.३. पडद्यावर १०१.३. तेव्हा तर जुना मनोरा होता. त्या तीन दिवसांत यादीनं तांबडी खूण करून त्याला सावधही केलं होतं, आणि त्यानं ती खूण 'पुन्हा दाखवू नकोस' म्हणून बंद केली होती.

संध्याकाळपर्यंत तो बोट खाली सरकवत राहिला. एकही ओळ चुकली नाही.

टिल्लू तर्काचा माणूस होता. न बांधलेल्या घराच्या सावल्या मोजणाऱ्या माणसाला भुताखेतांना वेळ नसतो. योगायोग मोडायचा कसा, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पलीकडे शब्दकोडं सोडवत होती, नेहमीसारखी मोठ्यानं.

"आडवा शब्द, पाच अक्षरी, दुसरं अक्षर..."

टिल्लूनं कॉम्प्युटर बंद केला.

पंखे थांबले. घर इतकं शांत झालं की पलीकडच्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं. तो उठून दारात गेला. ताई खुर्चीत ताठ बसली होती. पेन्सिल कागदावर टेकलेली. डोळे उघडे. ओठ अर्धवट उघडे, पुढच्या अक्षरासाठी तयार.

"ताई?"

घड्याळ चालू होतं. ताईचा श्वास चालू आहे की नाही ते त्याला कळलं नाही. जवळ जाऊन पाहायचं धैर्य त्याला झालं नाही. तो उलटा धावला, चौकटीला कपाळ आपटलं, बटण दाबलं. यंत्राला उठायला बत्तीस सेकंद लागायचे. ते त्यानं मोजले.

"...'र'," भिंतीपलीकडून ताई म्हणाली. "टिल्लू, तुला सुचतंय का काही?"

तिथून पुढे टिल्लू कॉम्प्युटर चालवत नव्हता, कॉम्प्युटर टिल्लूला चालवत होता.

त्यानं पंखे मंद केले, पंप मंद केला, आणि भट्टीला काम लावलं. हातातली चित्रं संपली तशी तो तीच ती इमारत पुन्हा चढवू लागला. तेच बारा मजले, तेच ऊन, तेच सुकलेलं फूल, दिवसभर. भट्टी तापली की ताई तापायची. ३५.६. ३६.२. चौथ्या दिवशी ३६.८, आणि ताईनं स्वेटर काढून घडी घातली. "उतार पडला बाई," म्हणाली. टिल्लू स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांकडे तोंड करून रडला.

मग वीज जाईल म्हणून त्यानं बॅटरीचा डबा आणला. तो बंद पडेल म्हणून दुसरा आणला. यादीतलं नाव पुसून टाकावं असं त्याला रोज वाटायचं आणि रोज त्याचं बोट त्या कळीच्या वर थांबायचं. पुसलं आणि काही झालं तर? तो बाजारात जाईना, मित्रांकडे जाईना. ताई म्हणाली, "तुझं लग्न त्या पेटीशीच लावून द्यायला हवं होतं." तो हसला. पडद्यावर ताई ३६.८ होती.

सोळाव्या दिवशी पंपातून कुरकुर आली. दाण्यासारखी, अधूनमधून. टिल्लूनं मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, कॉम्प्युटर बंद न करता कूलर बदलता येतो?"

"चालू असताना? अहो, कूलर उचलल्यावर तीन-चार सेकंद. मग प्रोसेसर स्वतःच बंद होतो. मरू नये म्हणून. बंद करा, बदला, चालू करा. वीस मिनिटांचं काम. एवढं काय अडलंय तुमचं?"

"काही नाही," टिल्लू म्हणाला.

वीस मिनिटांचं काम त्यानं सहा दिवस केलं नाही. मागच्या वेळी तीन तास बंद होता आणि ताईला काही झालं नव्हतं, हे तो स्वतःला घोकून घोकून सांगायचा. मग त्याला ते अर्धवट उघडे ओठ आठवायचे. पेटीला कान लावून तो कुरकुर ऐकत बसायचा. कपाटावरून जुन्या मनोऱ्याचं खोकं काढून त्यानं टेबलावर ठेवलं. स्क्रू बशीत काढून ठेवले. लेपाची नळी ठेवली. कापूस ठेवला. तयारी सगळी होती.

सातव्या दिवशी, भर अकरा वाजता, कुरकुर थांबली.

आधी त्याला बरं वाटलं. मग त्यानं पडदा पाहिला.

भट्टी ८१. त्यानं चित्र थांबवलं, सगळं काम थांबवलं. भट्टी ८४. वेग खाली आणला, पंखे पूर्ण सोडले. पाणी नळ्यांत जागच्या जागी उभं होतं. पंखे नुसतीच हवा ढकलत होते. ८८. त्यानं टेबलफॅन आणून पेटीच्या तोंडाला लावला.

ताई ३८.५. ताई ३९.५.

"टिल्लू," दारातून ताई म्हणाली. तिचा चेहरा तांबडालाल झाला होता. चौकट धरून ती उभी होती, आणि हातात थर्मामीटर होता. "एकशे तीन पूर्णांक एक. काय झालं तुझ्या पेटीला?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"अरे, असा बघतोस काय? मध्ये एका विटेची भिंत आहे. तुझे पंखे वाढले की माझे पाय गार पडतात, हे मला कळणार नाही? चाळीस वर्षं माणसांचे ताप बघितलेत मी." ती भिंतीला धरत धरत आली आणि त्याच्या खुर्चीवर, पेटीसमोर बसली. पडद्यावरची यादी तिनं चष्मा सारून वाचली. पाचव्या ओळीशी थांबली. "नाव चांगलं ठेवलंस."

"गंमत म्हणून ठेवलं होतं गं. गंमत म्हणून."

"बरं. आता आपोआप उतरेल?"

"नाही."

"चढत गेला तर?"

"एकशे पाचला तो स्वतःच बंद होईल. भट्टी एकशे पाचला. तू... त्याआधी..."

"म्हणजे बंद होणारच. बदलायला किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"अठरात कर."

"मी नाही बंद करणार, ताई." बावन्न वर्षांचा माणूस खुर्चीच्या हाताला धरून खाली बसला होता. "मी पाहिलंय. तू अशी... मला नाही जमणार."

भट्टी ९९. ताई ४०.५. तिच्या अंगातून निघणारी झळ त्याच्या गालाला लागत होती.

"तुला कोण सांगतंय?" ताई म्हणाली. तिनं हात लांब केला. "हेच ना बटण? आणि ते काढलेले स्क्रू नीट बशीत..."

तिनं बटण दाबलं.

पंखे थांबले.

ताईचं बोट बटणावरच राहिलं. हात लांब, मान किंचित त्याच्याकडे वळलेली, ओठ उघडे.

टिल्लूनं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून चोवीस.

तो तिच्या कोपरावरून पेटीत वाकला. पंपाचे चार स्क्रू. दुसरा अडला. तापलेल्या धातूनं अंगठा पोळला, तो त्यानं तोंडात घातला नाही. स्पिरिट. कापूस. लेप, वाटाण्याएवढा. मनोरा. स्क्रू समोरासमोरचे आधी, मग उरलेले दोन. पंख्याची वायर. वायर बसेना. बसली.

एवढ्या वेळात त्यानं ताईच्या चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. तिचा हात मात्र सारखा त्याच्या दंडाला लागत होता. सुरुवातीला तो चटका बसावा इतका गरम होता. मग कोमट. मग त्याला तो लागतोय हे कळेनासं झालं.

अकरा वाजून बेचाळीस. अठरा मिनिटं.

बटणावर तिचं बोट होतं. ते बाजूला करायला त्याचा हात झाला नाही. त्यानं तिचंच बोट धरलं आणि दाबलं.

बत्तीस सेकंद.

"...ठेव," ताई म्हणाली. "नाहीतर पुन्हा हरवशील. झालं का?"

"झालं," टिल्लू म्हणाला.

"बघ. उगीच घाबरत होतास." तिनं कपाळावरून हात फिरवला. चेहऱ्यावरची लाली गेली होती. "उतरला वाटतं. बरं वाटतंय रे. अगदी हलकं हलकं."

पडद्यावर यादी आली. भट्टी ४६. म्हातारी ३९.

ताई २४.०.

भिंतीवर खोलीचं तापमान दाखवणारं जुनं घड्याळ होतं. ते त्यानं पाहिलं. चोवीस. मग पाहायचं थांबवलं. त्यानं भट्टीला काम लावलं. बारा मजले, ऊन, सुकलेलं फूल. भट्टी ७०. भट्टी ९०.

ताई २४.०.

ताई त्याच्याकडेच बघत होती. चष्म्यातून, शांतपणे, वॉर्डात बघायची तशी. मग तिनं तिची वही मागितली. त्यानं आणून दिली. तिनं थर्मामीटर तीनदा झटकला, जिभेखाली धरला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तीन मिनिटं गप्प बसली. मग तो काढून उजेडाकडे धरला.

टिल्लू तिच्या मागे उभा होता. त्यालाही दिसला. पारा तळाच्या गोळीतून वर आलाच नव्हता.

ताईनं नीट बघितलं. नेहमीसारखं, तिरपं धरून. मग पेन घेतलं आणि रेखीव अक्षरात लिहिलं : ९८.२.

"अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन," ती म्हणाली. "चहा टाकते. तू बस जरा. किती दमलास."

ती उठली, आणि स्वयंपाकघरात भांडं वाजलं. टिल्लू सवयीनं तिनं सोडलेल्या खुर्चीत बसला आणि त्यानं वही ओढून पान उलटलं. पुढच्या पानावर उद्याची तारीख होती, आणि तिच्यासमोर ९८.२. परवाची, ९८.२. अक्षर ताईचंच होतं, आणि शाई वाळलेली होती, आजची नव्हती; दुखणं ओळखलं तेव्हाच तिनं हे लिहून ठेवलं असणार. तो पानं उलटत गेला. वही शेवटच्या ओळीपर्यंत भरलेली होती.

स्वयंपाकघरातून ताईनं विचारलं, साखर किती. त्यानं खुर्चीवर हात टेकला. ताई अर्धा तास या खुर्चीत बसली होती, आणि खुर्ची गार होती.